तांदळाएवढी फ्लाय: बांधावी कशी, साधनं कोणती घ्यावीत

हातकामाच्या या कार्यक्रमात आज आम्ही जरा वेगळी वस्तू घेऊन आलो आहोत: गळाला पीस, लोकर आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी. तिला जगभर फ्लाय म्हणतात. आपणही आज तोच शब्द वापरू, नाहीतर मासा आणि माशी यांतच आपला गोंधळ व्हायचा.

आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, नाहीतर कणकेची गोळी. ट्राउट हा मासा थंड, वाहत्या पाण्यात राहतो आणि पाण्यावरचे, पाण्यातले किडे खातो. त्याला फसवायचं, तर किडाच दाखवावा लागतो. आपल्या सह्याद्रीतल्या नद्या ट्राउटला उबदार पडतात, म्हणून तो इथे नाही. काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीच्या थंड पाण्यात इंग्रजांच्या काळात तो बाहेरून आणून सोडला. काश्मीर-हिमाचलमध्ये आजही परवाना काढून लोक फ्लायने मासे धरतात.

हे काम बायकांना नवं नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात कॅरी स्टीव्हन्स नावाची बाई टोप्या सजवण्याचं काम करायची. टोप्यांची पिसं हाताळता हाताळता ती फ्लाय बांधू लागली, आणि तीही गळ नुसता बोटांत धरून. १९२४ साली तिने स्वतः बांधलेल्या फ्लायवर सहा पौंडांहून मोठा ट्राउट धरला आणि तिच्याकडे मागणीची रीघ लागली. स्कॉटलंडमध्ये ब्रोरा गावाजवळ मेगन बॉइड यांनी एका लहानशा घरात सॅमन माशासाठी आयुष्यभर फ्लाय बांधल्या. १९७१ साली त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. पुढे नजर अधू झाली आणि त्यांना काम थांबवावं लागलं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आधी मापाचं बोलू. हातशिवणीच्या सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते. गळाचंही तसंच. १० नंबरचा गळ मोठा, १८ नंबरचा साधारण तांदळाच्या दाण्याएवढा, आणि २२-२४ नंबरचे त्याहून लहान. एवढी लहान फ्लाय कशाला, असं कोणी विचारेल. पण चिलटांसारखे किडे पाण्यातून हजारोंनी वर येतात आणि मासा त्या वेळी तेवढंच खात असतो. त्याच्यापुढे मोठी फ्लाय टाकली, तर तो ढुंकूनही बघत नाही.

लहान फ्लायचा एकच नियम आहे: कमी. मोठ्या गळावर दोऱ्याचे चार वेढे जास्त झाले, तर कोणाला कळत नाही. तांदळाएवढ्या गळावर तेच चार वेढे किड्याला ढेरपोट्या करून टाकतात आणि गळाचं नेढंही बुजवतात. त्यामुळे साधन घेताना, सामान घेताना एकच प्रश्न विचारायचा: याने माझं काम बारीक होईल का?

आता साधनं. बाजारात तयार पेट्या मिळतात, त्यात पंधरा-वीस वस्तू असतात. त्यातल्या निम्म्या कधी वापरल्याच जात नाहीत. पाच गोष्टी पुरतात.

पहिली व्हाइस, म्हणजे गळ पकडणारी टेबलावरची छोटी पकड. ती गोल फिरली नाही तरी चालेल, पण तिच्या जबड्याचं टोक निमुळतं हवं. जबडा जाड असला, तर बारीक गळ त्यातच झाकला जातो आणि बोटांना जागा उरत नाही. दुसरी दोऱ्याचं रीळ धरणारी नळी. तिला बॉबिन म्हणतात, पण ती शिलाई मशीनची बॉबिन नव्हे. नळीच्या तोंडाची धार खरबरीत असेल, तर बारीक दोरा पुन्हा पुन्हा तुटतो, म्हणून चिनी मातीचं तोंड असलेली नळी घ्यावी. तिसरी अणकुचीदार टोकाची भरतकामाची कात्री. तिच्या टोकाने तार कधीही कापू नका, तारेसाठी पात्याची मुळाकडची बाजू वापरा. चौथा पिसाचं टोक धरायचा छोटा चिमटा. पाचवी लाकडी मुठीत बसवलेली सुई. ही घरीच करता येते. शेवटच्या गाठीसाठी वेगळं हत्यार मिळतं, पण ती गाठ बोटांनीही छान बसते.

पैसे वाचवायचे तर व्हाइसवर वाचवा, गळ आणि दोऱ्यावर नको. गळ मऊ असला तर मासा तो सरळ करून निघून जातो, आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात. दोऱ्याची जाडी डेनिअरमध्ये मोजतात. ९,००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन, ते डेनिअर. लहान फ्लायला ७० डेनिअर किंवा त्याहून कमी दोरा लागतो. शिवणाचा सुती दोरा यासाठी फार जाड. आणखी एक युक्ती: बांधताना दोऱ्याला पीळ चढत जातो आणि तो गोल, जाड होतो. बॉबिन लोंबकळती सोडून उलट दिशेला फिरवली की पीळ उतरतो, दोरा फितीसारखा चपटा बसतो आणि अंग भरत नाही.

पिसांचं निवडणं थोडं नाजूक आहे. गळाभोवती गुंडाळायला कोंबड्याच्या मानेचं पीस वापरतात. आपल्या गावरान कोंबड्याचं पीस सुंदर असतं, पण त्याचे तंतू लांब आणि बुडाशी मऊ असतात. ते मोठ्या फ्लायला चालतं. लहान फ्लायसाठी खास याच कामाकरता वाढवलेल्या कोंबड्यांची पिसं मिळतात: लांब, अरुंद, बारीक काडीची. मोजायचं कसं? पीस वाकवून गळाशी धरा. तंतूची लांबी गळाचं टोक आणि दांडी यांतल्या अंतराच्या दीडपट हवी.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्या सह्याद्रीत राखी रानकोंबडा आहे. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब पडावेत तसे पिवळट ठिपके असतात. विलायतेतल्या सॅमनच्या फ्लायसाठी या पिसांना फार मागणी असे आणि त्यापायी हे पक्षी मारले जात. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. कोणी कितीही पैसे देऊ केले, तरी ही पिसं गोळा करू नका, विकू नका. मोराचंही तसंच. आपोआप गळलेलं पीस घरी शिकण्यासाठी वापरा, पण मोरपीस किंवा त्याची वस्तू देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. परदेशच्या मागणीसाठी काळी बारीक लोकर वापरावी.

लोकर दोऱ्यावर वळायला आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. कापसाची वात वळतो तशीच ती वळायची, फक्त दोऱ्याला आधी मेण लावायचं. मेण मधमाशीचं हवं, पूर्वी कुंकवाखाली लावत तेच. मेणबत्तीचं मेण निसरडं असतं. आणि लोकर किती घ्यायची? वाटते त्याच्या निम्मी. मग त्याच्याही निम्मी.

आता एक सोपी फ्लाय. तिचं नाव ग्रिफिथ्स नॅट. पाण्यावर एकमेकांना चिकटलेल्या चिलटांच्या पुंजक्यासारखी ती दिसते. पहिली १४ नंबरच्या गळावर करा. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाका. एकतर मासा सोडायचा असेल तर त्याला इजा कमी होते, आणि दाबताना गळ तुटलाच तर तुमचं काम वाया जात नाही. गळ व्हाइसमध्ये बसवा. नेढ्यामागे थोडी जागा मोकळी सोडून दोरा सुरू करा आणि एकेरी वेढ्यांनी मागे बाकापर्यंत न्या. तिथे कोंबड्याचं पीस काडीने बांधा आणि मोरपिसाचे दोन तंतू बांधा. दोरा पुढे आणा. मोराचे तंतू पुढे गुंडाळत आणून बांधा. मग त्यावरून कोंबड्याचं पीस चार-पाच विरळ वेढ्यांनी पुढे आणा, दोन वेढ्यांत बांधा, उरलेलं कापा. शेवटची गाठ म्हणजे दोऱ्याचं टोक त्याच्याच चार वेढ्यांखाली गाडून ओढायचं. त्यावर सुईच्या टोकाने रंगहीन नेलपॉलिशचा ठिपका. नेढ्यात गेला, तर तो ओला असतानाच सुईने साफ करा.

पारख अशी करायची. फ्लाय बोटांत धरून हलकेच फिरवून बघा. पिसं दांडीभोवती फिरली, तर दोरा सैल होता. नेढ्यातून बारीक दोरा ओवून बघा. ओवला गेला नाही, तर नदीवर थंडीने गारठलेल्या माणसालाही तो ओवता येणार नाही. फ्लाय डझनावर विकल्या जातात, तेव्हा बारा फ्लाय ओळीत ठेवल्या तर सगळ्या सारख्या दिसायला हव्यात. केनियात बायकाही हे काम करतात आणि त्यांच्या फ्लाय परदेशात जातात. त्यांची कमाई या सारखेपणावरच उभी आहे. तुमच्या बारा सारख्या होईपर्यंत कोणाची ऑर्डर घेऊ नका, आणि मोठी पेटी घ्यायला कर्ज तर मुळीच काढू नका.

शेवटी डोळ्यांचं. सगळ्यात महत्त्वाचं साधन म्हणजे उजेड. खिडकीशी बसा. दिवा वापरलात तर तो बाजूने, डोळ्यांवर न येईल असा ठेवा. व्हाइसमागे फिकट रंगाचा साधा कागद उभा करा, त्यावर काळा दोरा लख्ख दिसतो. वीस मिनिटांनी मान वर करून लांबच्या झाडाकडे बघा. चाळिशी लागली असेल, तर आधी चष्मा करून घ्या, भिंग नंतर. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात चार फ्लाय जास्त करून मिळतं काय? पैसे थोडे, आणि डोळे मात्र थकून जातात.

तर आधी १४ नंबरच्या सहा, मग १६, मग १८. सहाही सारख्या झाल्या की खालच्या मापाला हात घाला. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.