भोपाळची काटकसर आणि सीमेवरची मराठी

घरात पैशाची चणचण भासू लागली की दाणागोटा आणि दवाखाना चुकत नाही. बंद होते ते वर्तमानपत्र, थांबते ती मुलीची शिकवणी. ज्याच्या बाजूने घरात कोणी भांडत नाही, त्यालाच पहिली कात्री लागते. सरकारी विद्यापीठांचेही नेमके असेच असते. म्हणून भोपाळच्या विद्यापीठाची तिजोरी भरलेली आहे की रिकामी, याच्याशी मुलताई, पांढुर्णा, सौंसरच्या मराठी घरांचा काय संबंध, असे कोणी विचारू नये. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

थोडा इतिहास आठवावा लागेल. १९५०च्या राजभाषा कायद्याने जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राज्यकारभाराच्या भाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि सीमेच्या अलीकडे राहिलेला मराठी माणूस एका रात्रीत अल्पसंख्य झाला. त्याच वर्षी घटनेत ३५०-अ हे कलम आले. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. परंतु हे कलम प्राथमिक शाळेपाशीच थांबते. महाविद्यालयात मराठी असावी की नसावी, हे शेवटी विद्यापीठाच्या इच्छेवर आणि खिशावर अवलंबून राहते.

हा खिसा भरतो कसा? भोपाळचे विद्यापीठ १९७० साली स्थापन झाले आणि १९८८ मध्ये त्याला मौलाना बरकतउल्ला यांचे नाव देण्यात आले. अशा राज्य विद्यापीठाला शासनाचे अनुदान मिळते. पण पगार, निवृत्तिवेतन आणि इमारतींची देखभाल यांना ते पुरत नाही. उरलेला भार संलग्न महाविद्यालयांचे शुल्क, परीक्षा शुल्क आणि विद्यार्थ्यांची फी यांवर पडतो. म्हणजे जितकी महाविद्यालये अधिक, तितका विद्यापीठाचा संसार सुखाचा.

१९९१च्या आर्थिक संकटानंतर उच्च शिक्षणावरील सरकारी हात आखडता होऊ लागला. केंद्रीय विद्यापीठांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने १९९३ च्या सुमारास सुचवले, की संस्थांनी आवर्ती खर्चाचा पंधरा टक्के आणि पुढे दहा वर्षांत पंचवीस टक्के वाटा स्वतः उभा करावा. शिफारस केंद्रीय संस्थांसाठी होती; पण वारे सगळीकडेच वाहिले. स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम निघाले, फी वाढली, निवृत्त प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या आणि त्यांच्या जागी 'अतिथी विद्वान' आले. कायम प्राध्यापकाच्या पगाराच्या मानाने अतिथीचे मानधन थोडे. विद्यापीठाचा हिशेब जुळतो, पण शिकवणाऱ्याचे पाय स्थिर राहत नाहीत.

त्यात २०१९ मध्ये छिंदवाड्याला नवे विद्यापीठ झाले. पुढे त्याला राजा शंकर शाह यांचे नाव मिळाले. छिंदवाडा, सिवनी, बालाघाट आणि बैतूल हे चार जिल्हे त्याच्याकडे आले. बैतूल भोपाळकडून गेले, बाकीचे जबलपूरकडून. विद्यार्थ्यांना विद्यापीठ जवळ आले, ही चांगलीच गोष्ट. पण जुन्या विद्यापीठांचे उत्पन्न तेवढे घटले, आणि नव्या विद्यापीठाला आपला संसार शून्यातून मांडावा लागला. एका ताटातले दोन ताटांत वाढले, भात मात्र वाढला नाही.

अशा वेळी विद्यापीठ काय करते? सर्वांत कमी विद्यार्थी असलेला विषय पाहते. वर्गात शंभर मुले असोत की सहा, प्राध्यापकाचा पगार तोच. हिशेबनीस सहाच्या वर्गावर बोट ठेवतो. तो भाषेचा शत्रू नसतो. त्याच्यापुढे फक्त आकडे असतात. परक्या मुलुखातही हेच घडले आहे. मंदीच्या तडाख्यात अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या ऑल्बनी येथील सरकारी विद्यापीठाने २०१० मध्ये फ्रेंच, इटालियन आणि रशियन या भाषांचे पदवी अभ्यासक्रम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. फ्रेंचसारख्या भाषेची ही गत, तर सीमेवरच्या मराठीची काय कथा!

आणि हा प्रश्न केवळ अल्पसंख्य भाषेचा आहे, असेही नाही. खुद्द भोपाळात २०११ मध्ये अटलबिहारी वाजपेयी हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले. २०१६ मध्ये तेथे हिंदीतून अभियांत्रिकी सुरू झाली, तेव्हा नव्वद जागांसाठी मूठभरच विद्यार्थी आले. कर्नाटकात हंपीचे कन्नड विद्यापीठ म्हणजे त्या राज्याच्या अस्मितेचे लेणे. पण अनुदान आटल्याने तेथील विजेची बिले थकल्याच्या बातम्या अलीकडे छापून आल्या. राज्यभाषेच्या नावाने घोषणा करणे स्वस्त असते, तिची विद्यापीठे चालवणे महाग पडते.

यातून आपण एकच धडा घ्यावा. भाषेचा अभिमान सभेत सांगून भागत नाही, तो प्रवेशअर्जावर दिसला पाहिजे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आता आपल्या मुलाने बी. ए. ला मराठी विषय घेतला का, हे विचारायला हवे. जेथे विषय नाही, तेथे पालकांनी एकत्र येऊन सह्यांचे निवेदन कुलगुरूंकडे द्यावे. मागणी कागदावर नसेल तर ती नाहीच, असे कार्यालय धरून चालते. भोपाळात मध्य प्रदेश शासनाची मराठी साहित्य अकादमी आहे. तिच्या दारावरही टकटक करावी. आणि २०२७च्या जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात बिनदिक्कत 'मराठी' लिहावे. घरात मराठी बोलून बाहेर दुसरीच भाषा लिहिणारे आपल्यात थोडे नाहीत.

काटकसरीच्या दिवसांत कात्री चालणारच. ती सहाच्या वर्गावर चालते, साठच्या वर्गावर नाही. सहाचे साठ करणे भोपाळच्या हाती नाही, आपल्याच हाती आहे.