रंग नको, रेघ बघा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत वाकून बघितलंत, तर हर्मिसेंडा दिसण्याची बरीच शक्यता असते. हा समुद्री स्लग, म्हणजे शंख नसलेली गोगलगायच म्हणा. लांबी फार तर बोटभर, अंगावर निळसर-पांढऱ्या रेघा आणि पाठीवर बोटांसारख्या फुटव्यांची दाटी. या फुटव्यांना सिराटा म्हणतात. अलास्कापासून मेक्सिकोपर्यंतच्या या सगळ्यांना जुन्या फील्ड गाइडमध्ये एकच नाव आहे: हर्मिसेंडा क्रासिकॉर्निस.

२०१६ मध्ये डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासल्यावर कळलं, की एका नावाखाली तीन प्रजाती होत्या. तिसरी, एमुराई, जपान आणि रशियाकडची. ती इथे सोडून देऊ. घोळ होतो तो क्रासिकॉर्निस आणि ओपलेसेन्समध्ये. गंमत म्हणजे ओपलेसेन्स हे नाव एकोणिसाव्या शतकातच दिलेलं होतं. दोन्ही एकच आहेत असं समजून ते नंतर बाजूला पडलं.

मग ओळखायचं कसं? आधी रंग विसरा. पचनग्रंथीच्या फांद्या थेट सिराटांत शिरतात, त्यामुळे खाल्लेल्या अन्नाप्रमाणे तपकिरी, नारिंगी अशा छटा बदलतात. अंगावरच्या रेघाही दोघांना असतात, आणि नवखे लोक नेमके तिथेच फसतात. बघायचं ते एकेका सिराटाकडे. त्यावर उभी, बारीक पांढरी रेघ असेल तर क्रासिकॉर्निस. रेघ नसेल, नुसतं टोक पांढरट असेल, तर ओपलेसेन्स.

‘वरती क्रासिकॉर्निस, खाली ओपलेसेन्स’ हा सोपा हिशोबही आता चालत नाही. उत्तर कॅलिफोर्नियात दोघं एकत्र सापडतात, आणि ओपलेसेन्स पार व्हँकूव्हर बेटापर्यंत नोंदवली गेली आहे. समुद्र तापल्यावर कोण उत्तरेकडे सरकतंय, हे अशा नोंदींतूनच कळतं. नाव चुकलं, तर सरकणंच दिसणार नाही.

प्रयोगशाळेतला गोंधळ याहून मोठा. १९७० च्या दशकापासून स्मृती कशी तयार होते हे शोधायला हा प्राणी वापरला गेला. शोधनिबंधांत नाव क्रासिकॉर्निस; पण मध्य किंवा दक्षिण कॅलिफोर्नियातून आणलेले प्राणी बहुधा ओपलेसेन्स असणार. टेबलावर नक्की कोण होतं? प्राणी कुठून आणला हे लिहिलं असेल, तर निदान अंदाज तरी बांधता येतो.

तुम्हाला दिसला तर हात लावू नका, त्याच्या सिराटांच्या टोकांत भक्ष्याकडून मिळवलेल्या दंशपेशी असतात. सिराटांचा जवळून फोटो घ्या, जागा आणि तारीख लिहा. रेघ नीट दिसत नसेल, तर नुसतं ‘हर्मिसेंडा’ लिहा.