खाऱ्या रेघेची जागा

नदी आणि भरती : लेखांक ६

भरतीचं पाणी नदीत किती आत शिरतं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. पण भरती जिथवर पोचते तिथवर समुद्राचं मीठ पोचतंच असं नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची डेलावेअर नदी याचं उत्तम उदाहरण आहे. या नदीत भरती मुखापासून २०० किलोमीटरहून आत, ट्रेंटन शहराजवळच्या खडकाळ उतारापर्यंत चढते. वाटेतल्या फिलाडेल्फियाच्या धक्क्यांवर पाणी दिवसातून दोनदा वर-खाली होतं, तरी ते गोडंच असतं. मीठ त्याच्या बरंच खाली, विल्मिंग्टनच्या आसपास थोपलेलं असतं. तिथे बांध नाही, दरवाजे नाहीत. मुख्य प्रवाहावर तर एकही धरण नाही. मिठाला अडवून धरतं ते वरून येणारं गोडं पाणीच.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते नदीच्या पाण्यापेक्षा जड असतं आणि तळालगत वरच्या दिशेने सरकू पाहतं. गोडं पाणी वरच्या थरातून समुद्राकडे निघतं आणि भरती-ओहोटी दोघांना सतत घुसळत राहते. या ओढाताणीत समतोल जिथे साधतो तिथून वर मीठ जात नाही. प्रत्यक्षात तिथे स्पष्ट रेघ नसते, खारेपणा हळूहळू उतरत जातो. पण कारभाराला एक खूण लागते. म्हणून सात दिवसांच्या सरासरीने लिटरमागे २५० मिलिग्रॅम क्लोराइड जिथे भरतं, ती खाऱ्या पाण्याची आघाडी मानतात. पाण्याची चव बिघडू लागते ती याच सुमाराला. अवर्षणात नदीचा रेटा घटतो, तसतशी ही रेघ वर सरकते. समुद्राला त्यासाठी जास्त जोर लावावा लागत नाही.

१९६०च्या दशकात तिथे सलग काही वर्षं पाऊस कमी पडला. ट्रेंटनला नदीचा सरासरी प्रवाह १२ हजार क्युसेकच्या आसपास असतो. त्या वर्षांत तो कधीकधी दीड हजारांच्याही खाली गेला. नोव्हेंबर १९६४मध्ये खारी रेघ मुखापासून सुमारे १६४ किलोमीटरवर, थेट फिलाडेल्फिया शहरापाशी आली. शहराला पिण्याचं पाणी नदीतून जिथे उचललं जातं, ती टॉरेसडेलची जागा तिथून फक्त १३ किलोमीटर वर होती.

या गोष्टीतला खरा पेच मात्र वरच्या अंगाला होता. नदीच्या उगमाकडच्या उपनद्यांवर न्यूयॉर्क शहराची धरणं आहेत, आणि ते शहर या खोऱ्यात नाहीच. ते बोगद्यांतून पाणी बाहेर नेतं. १९५४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानुसार त्याला रोज ८० कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ३०० कोटी लिटर पाणी घेता येतं. बदल्यात मॉन्टेग्यूपाशी नदीचा प्रवाह १,७५० क्युसेकच्या खाली जाऊ नये इतकं पाणी धरणांतून सोडावं लागतं. १९६५च्या उन्हाळ्यात धरणांतलं पाणी खाली गेलं आणि शहराने ते सोडणं थांबवलं. लाखो लोकांची तहान समोर असताना जे पाणी शेवटी समुद्रालाच मिळणार ते कशाला सोडायचं, हा विचार समजण्यासारखा आहे. पण ते पाणी खाली दुसऱ्या लाखो लोकांच्या पाण्यातून मीठ बाहेर ठेवत होतं. डेलावेअर, न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या चार राज्यांनी केंद्र सरकारसह १९६१मध्ये नदीखोरे आयोग स्थापन केला होता. त्याने १९६५च्या जुलैत आणीबाणी जाहीर केली आणि धरणातल्या थेंबाथेंबाची वाटणी नव्याने ठरवावी लागली.

नुकसान केवळ नदीच्या पात्रात झालं नाही. पलीकडच्या काठावर, न्यू जर्सीतल्या कॅम्डेनजवळ, विहिरींचा उपसा इतका होता की भूजल नदीकडे वाहण्याऐवजी नदीचंच पाणी जमिनीत ओढलं जात होतं. खारी रेघ वर आली तसं ते पाणीही विहिरींकडे निघालं. पाऊस परतल्यावर नदी पुन्हा गोडी झाली, पण जमिनीतलं मीठ त्यानंतरही काही वर्षं रेंगाळलं. मला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सर्वांत गंभीर वाटते. कोकणातल्या खारेपाटात ज्यांची विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ होते, त्यांना तिचं कारण वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पुढे १९८३मध्ये राज्यांनी आणि न्यूयॉर्क शहराने एक समझोता केला. ट्रेंटनला ३,००० क्युसेक प्रवाह हे लक्ष्य ठरलं. अवर्षणात ते कमी करता येतं, पण किती, हे इतर गोष्टींबरोबर खारी रेघ त्या वेळी कुठे आहे यावरही ठरतं. रेघ जितकी वर, तितकं अधिक पाणी सोडायचं. ब्लू मार्श आणि बेल्ट्झव्हिलसारख्या जलाशयांतूनही मीठ मागे रेटायला पाणी सोडलं जातं. सोडलेलं पाणी पोचायला काही दिवस लागतात, त्यामुळे रेघ पाणीउपशाच्या ठिकाणी येईपर्यंत थांबून चालत नाही.

आपल्याकडे पश्चिमवाहिनी नद्यांचं पाणी ‘समुद्रात वाया जातं’ असं फार सहज म्हटलं जातं. कोयनेचं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंतचं पाणी वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. ते मुंबईकडे वळवावं, ही चर्चा जुनी आहे. गरज खरी आहे, आणि वळवूच नये असं मी म्हणणार नाही. पण किती पाणी वळवलं तर मे महिन्यात चिपळूणखाली खारं पाणी किती वर येईल, काठच्या विहिरींचं आणि खाडीतल्या मासळीचं काय होईल, हा हिशेब आराखड्याच्या पहिल्या पानावर हवा. नदीत वर्षानुवर्षं क्षार मोजल्याशिवाय तो मांडता येत नाही.

डेलावेअरचा प्रश्न तरी कुठे संपलाय? तिथला समुद्र शतकभरात सुमारे ३० सेंटिमीटरने चढला आहे. जहाजांसाठी नदीचा मार्ग ४० फुटांवरून ४५ फुटांपर्यंत खोल केला आहे. पाणी जितकं खोल, तितकी तळाने येणाऱ्या खाऱ्या पाण्याला वाट सोपी. २०२४च्या शरद ऋतूत फिलाडेल्फियात सलग सहा आठवडे नोंद घेण्याजोगा पाऊस पडला नाही आणि रेघ पुन्हा नेहमीपेक्षा बरीच वर चढली. त्याच वेळी न्यूयॉर्कने दुरुस्तीसाठी डेलावेअर खोऱ्यातून पाणी नेणारा आपला बोगदा बंद ठेवला होता. अवर्षण वाढलं तसं ते काम नोव्हेंबरमध्ये मध्येच थांबवावं लागलं.

पुढच्या लेखांकात मिसिसिपी. २०२३मध्ये तिथे खाऱ्या पाण्याची पाचर तळाने न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने चढत होती, आणि ती रोखायला लष्कराच्या अभियंत्यांनी नदीच्या तळावर गाळाचा बांध घातला होता.