ट्रॅक्टरच्या नोंदणीपुस्तकावरील बोजा

कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला की ट्रॅक्टर आपला झाला, अशी पुष्कळ शेतकरी बंधूंची समजूत असते. सातबाऱ्यावरील बोजा आपोआप उतरत नाही, फेरफार घ्यावा लागतो, हे त्यांस ठाऊक असते. परंतु तोच न्याय ट्रॅक्टरलाही लागू आहे याचा विसर पडतो. नोंदणीपुस्तकावर बँकेचे नाव तसेच राहते आणि उसाचा हंगाम आटोपून ट्रॅक्टर विकावयास काढला म्हणजे व्यवहार अडतो.

हा बोजा उतरविणे हे परिवहन कार्यालयाचे काम होय. बीड जिल्ह्यात अशी दोन कार्यालये आहेत : बीड (एमएच-२३) व अंबाजोगाई (एमएच-४४). आपली नोंद कोठे आहे हे पुस्तकावरच पाहावे. आष्टीकडील शेतकऱ्याने दिवस मोडून बीड गाठावे आणि एका सहीसाठी परत फिरावे, यापरते दुःख नाही! म्हणून आधी बँकेत जावे. नमुना ३५ वर बँकेची सही व शिक्का घ्यावा. त्यावर मालकाचीही सही लागते. सोबत ना-हरकत पत्र मागून घ्यावे. विम्याच्या कागदावरही बँकेचे नाव असते, तेही त्याच वेळी काढवावे.

अर्ज ‘वाहन’ या संगणकीय व्यवस्थेतून होतो. तेथे गाडीचा क्रमांक व चासी क्रमांकाचे अखेरचे पाच आकडे विचारतात, आणि खातरजमेचा क्रमांक नोंदीतील मोबाइलवर येतो. हा मोबाइल विक्रेत्याचा किंवा जुना बंद पडलेला असल्यास काम तेथेच थांबते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रथम तपासावी.

मध्यस्थ वाईटच असतो असे नव्हे. पण अर्जाची पोच त्याच्या खिशात राहिली तर शेतकऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांची मुदत कार्यालयातील फलकावर लावणे बंधनकारक आहे. ती टळल्यास किंवा अर्ज फेटाळला गेल्यास ३० दिवसांत पहिले अपील करता येते. त्यास ही पोचच उपयोगी पडते.

मालक मरण पावला असल्यास वारसाने ३० दिवसांत कार्यालयास कळवून तीन महिन्यांत हस्तांतरणाचा अर्ज करावयाचा असतो.

नवे पुस्तक हाती येताच बँकेचे नाव खरोखर गेले आहे काय, हे घरी वाचून पाहावे.