घाट चढायला किती डिझेल?
मालासकट 40 टनांचा ट्रक खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्याला पोचतो, तेव्हा तो सुमारे 500 मीटर वर आलेला असतो. एवढे वजन एवढ्या उंचीवर न्यायला जवळपास 20 कोटी ज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर डिझेलमध्ये साधारण साडेतीन कोटी ज्यूल असतात. पण इंजिन त्यातली जेमतेम चाळीस टक्के कामी लावते, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे नुसत्या चढाला 14 लिटर! लिटरला 90 रुपये धरले, तर साडेबाराशे रुपये. उतरताना ही ऊर्जा परत मिळत नाही, ती ब्रेक तापवण्यात जाते आणि लायनर झिजतात.

सपाटीवर गाठ वाऱ्याशी. वेग ताशी 60 वरून 80 किलोमीटर केला, की हवेचा विरोध पावणेदोन पटींहून जास्त होतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर डिझेल आणखी जळते.

मालकाला सगळ्यात जड जाते ती रिकामी परतफेरी. टोल गाडीच्या प्रकारावर ठरतो, मालावर नाही. चालकाचा भत्ता, विमा, बँकेचा हप्ताही थांबत नाही. डिझेलच्या बचतीत चालकाला वाटा मिळायलाच हवा, असे मला वाटते. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय त्याचा असतो.