मूल्यांची भाषा आणि कापसाचा भाव

राष्ट्राराष्ट्रांत गरज उत्पन्न झाली की मुत्सद्द्यांना समान मूल्यांची आठवण हटकून होते. 22 जून 2023 रोजी अमेरिकी काँग्रेसपुढे बोलताना पंतप्रधान मोदी यांनी लोकशाही हे उभय देशांचे पवित्र आणि समान मूल्य असल्याचे सांगितले. टाळ्यांचा गजर झाला. दोनच वर्षांनी, 2025 च्या ऑगस्टात, त्याच अमेरिकेने भारतीय मालावर आधी 25 आणि मग 50 टक्के जादा जकात बसविली. दुसऱ्या 25 टक्क्यांचे कारण रशियाचे तेल. आपल्या पैशावर युक्रेनमधील युद्ध चालते, हा आरोप; अमेरिका स्वतः रशियाकडून खते घेते, हे आपल्या परराष्ट्र खात्याचे उत्तर. उत्तर बिनतोड होते. जकात 27 ऑगस्टला लागू झालीच.

यवतमाळकरांना हे नवे नसावे. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, 1965-66 मध्ये, 'पी. एल. 480'चा अमेरिकी गहू मैत्रीच्याच भाषेत येत होता. परंतु भारत-पाक युद्ध झाले, व्हिएतनामवर आपण टीका केली, आणि जॉन्सनसाहेबांनी तो गहू महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडण्यास आरंभ केला. नाईकांनी संकरित ज्वारीची कास धरली. व्यासपीठावरील मूल्यांवर ते विसंबून राहिले नाहीत.

2025 मध्ये काय घडले? 7 ऑगस्टला दिल्लीत, स्वामिनाथन जन्मशताब्दी परिषदेत, शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड नाही असे पंतप्रधानांनी निक्षून सांगितले. बारा दिवसांनी, 19 ऑगस्टपासून, कापसावरील 11 टक्के आयातशुल्क उठले. 30 सप्टेंबरची मुदत पुढे 31 डिसेंबर झाली. जकातीने घायाळ झालेल्या कापडधंद्यास दिलासा, हे कारण आम्हांस अमान्य नाही. गिरणीतील मजुरासही पोट आहे. पण त्या दिलाशाची किंमत वणी, राळेगाव, पांढरकवड्याच्या कापूसवाल्याने भरावयाची आहे, हे त्याला कोणत्या व्यासपीठावरून सांगितले गेले? लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता खरा. मात्र तो सरकारी खरेदी केंद्रावर मिळतो. तेथे आधी नोंदणी हवी, ओलावा 12 टक्क्यांवर गेला की गाडी परत, आणि पाळी येईतो थांबण्याची ऐपत हवी. ती नसलेला माणूस व्यापाऱ्याच्या दारी जातो, आणि तेथे भाव व्यापाऱ्याचा.

वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. शुल्कमाफी नेमकी त्याच महिन्यांत होती. 31 डिसेंबरला ती संपली. सावकाराचे देणे असलेल्याचा कापूस तोवर घरात राहत नाही.