‘ताप आहे, झोपू दे’ म्हणण्याआधी: किशोरवयातला मेनिंजायटिस

कोलकात्यात पावसाळा लागला की दुर्गापूजा उलटेपर्यंत घराघरांत तापाविषयी एकच प्रश्न असतो: डेंगी तर नाही ना? भीती रास्त आहे, पण तिच्यामुळे दुसरा एक आजार नजरेतून निसटतो. मेनिंजायटिस म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणांना येणारी सूज. ती जिवाणूंमुळे आली असेल तर धडधाकट मूल चोवीस तासांत दगावू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जिवाणूजन्य मेनिंजायटिसच्या साधारण सहा रुग्णांपैकी एक मरण पावतो आणि पाचांपैकी एकाला गंभीर परिणाम भोगावे लागतात. यावर उपचार आहेत आणि ते या शहरात मिळतात. मात्र रुग्णालयात पोचण्याआधीचे मोलाचे तास खाली दिलेल्या समजुतींमुळे वाया जातात.

गैरसमज: हा तान्ह्या बाळांचा आजार आहे.
वस्तुस्थिती: सर्वाधिक धोका पाच वर्षांखालच्या मुलांना, हे खरं. पण मेनिंजायटिस घडवणाऱ्या मेनिंगोकोकस या जिवाणूचा जोर किशोरवयात आणि विशीच्या आसपास पुन्हा वाढतो. साधारण दहातल्या एका माणसाच्या घशात हा जिवाणू काही त्रास न देता राहतो. किशोरवयीनांत हे प्रमाण आणखी जास्त असतं. लाळेतून आणि अगदी जवळच्या, दीर्घ सहवासातून तो पसरतो. वसतिगृहातली दाटीची खोली, सगळ्यांनी तोंड लावलेली पाण्याची बाटली, चौघांत फिरणारी सिगारेट ही त्याची वाट. दिल्लीत 2005 मध्ये आणि मेघालय-त्रिपुरात 2008-09 मध्ये त्याच्या साथी आल्या होत्या. जादवपूर किंवा खरगपूरच्या वसतिगृहात मूल पाठवलेल्या मराठी पालकांनी एवढं ध्यानात ठेवावं.

गैरसमज: डास चावल्याने किंवा गारठा लागल्याने होतो.
वस्तुस्थिती: बंगालमध्ये डासांची धास्ती आहेच, तिच्यात 1973 च्या बांकुरा भागातल्या जपानी मेंदूज्वराच्या साथीने भर घातली. त्या मेंदूज्वराचा विषाणू क्युलेक्स डासांमधून येतो आणि खुद्द मेंदूला सूज आणतो. जिवाणूजन्य मेनिंजायटिसचा डासाशी संबंध नाही. गारठ्याचंही तेच. कोलकात्याची लाडकी मंकी कॅप कान उबदार ठेवील, जिवाणू अडवणार नाही.

गैरसमज: मान आखडली नाही, म्हणजे मेनिंजायटिस नाही.
वस्तुस्थिती: ताप, मान आखडणं आणि शुद्ध हरपत जाणं ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही, पुष्कळ रुग्णांत ती तशी दिसत नाहीत. सुरुवात फ्लूसारखी होते. नंतर डोकं असह्य दुखतं, उलट्या होतात, उजेड सहन होत नाही. हातपाय गार पडणं आणि पाय दुखणं या रक्तात जंतुसंसर्ग पसरत असल्याच्या आरंभीच्या खुणा असू शकतात. अंगावर लालसर-जांभळे ठिपके आले तर पारदर्शक काचेचा ग्लास त्यावर दाबून पाहा. दाबूनही ठिपके पुसट होत नसतील तर तातडीने निघा. सावळ्या त्वचेवर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, तोंडातली टाळू आणि पापणीची आतली बाजू तपासा. मात्र ठिपके उमटण्याची वाट पाहू नका. कित्येकांना ते येतच नाहीत.

किशोरवयीन मुलांची एक वेगळी अडचण असते. दार लावून, पांघरूण ओढून ती पडून राहतात आणि आपण म्हणतो, झोपू दे. तापातल्या मुलाला दर थोड्या वेळाने जागं करा आणि साधा प्रश्न विचारा. उत्तर विसंगत आलं, किंवा मूल नीट जागंच होत नसेल, तर ही झोप नव्हे.

गैरसमज: आधी डेंगीचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू.
वस्तुस्थिती: डेंगीतही डोकं दुखतं, उलट्या होतात, ठिपके येतात. त्यामुळे घरी बसून फरक ओळखणं अवघडच. गुंगी, बरळणं, झटका किंवा आखडलेली मान दिसली की रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. औषधाच्या दुकानातून आणलेली किंवा घरात उरलेली अँटिबायोटिकही देऊ नये. ती आजार थोपवत नाही. उलट पुढच्या तपासणीत जंतू सापडणं कठीण करते.

गैरसमज: महिनाभर डोकं दुखतंय, म्हणजे माध्यमिक (दहावी) परीक्षेचा ताण किंवा चष्म्याचा नंबर.
वस्तुस्थिती: क्षयाचा मेनिंजायटिस दबकत येतो. बारीक ताप, भूक मंदावणं, वजन उतरणं, चिडचिड, सकाळच्या उलट्या असं दोन-तीन आठवडे चालतं, मग एकाची दोन दिसू लागतात किंवा गुंगी येते. लहानपणी घेतलेली बीसीजी शैशवात चांगलं संरक्षण देते, पण तिचा प्रभाव पुढे ओसरतो. घरात वा शेजारी क्षयाचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. उपचार महिनोन् महिने चालतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचे नाहीत.

गैरसमज: पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो.
वस्तुस्थिती: या भीतीपोटी घरचे सहीच करत नाहीत आणि निदान अडून राहतं. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या खाली घालतात. नंतर डोकं किंवा पाठ दुखू शकते, ती बहुधा काही दिवसांत थांबते. आजार जिवाणूचा, विषाणूचा की क्षयाचा, हे त्या काही थेंबांतून कळतं आणि त्यावरच औषध ठरतं. मूल अत्यवस्थ असेल तर डॉक्टर या तपासणीसाठी न थांबता अँटिबायोटिक सुरू करतात.

गैरसमज: लहानपणी सगळ्या लसी झाल्यात.
वस्तुस्थिती: मेनिंगोकोकसची लस सरकारी लसीकरणात नाहीच. मेनिंजायटिस घडवणाऱ्या हिब या दुसऱ्या जिवाणूपासून वाचवणारी पेंटाव्हॅलंट लस 2011 मध्ये केरळ-तमिळनाडूत सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर पोचली. तशाच न्यूमोकोकस या जिवाणूची लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने आली. म्हणजे आज पंधरा-सोळा वर्षांच्या बहुतेक मुलांना या लसी सरकारी केंद्रात मिळालेल्याच नाहीत. मूल वसतिगृहात किंवा परदेशी शिकायला जाणार असेल, हजला जाणार असेल, त्याची प्लीहा काढलेली असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर मेनिंगोकोकसच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. हजसाठी ती सक्तीची आहे, आणि ब्रिटनमध्ये किशोरवयीनांना ती नेहमीच्या लसीकरणातच देतात.

गैरसमज: एकाला झाला, आता सगळ्या वर्गाला होणार.
वस्तुस्थिती: विषाणूजन्य मेनिंजायटिस बहुतेकदा आपोआप बरा होतो आणि क्षयाचा मेनिंजायटिस एकाकडून दुसऱ्याकडे तसाच जात नाही. मेनिंगोकोकस असेल तर घरातल्यांना आणि खोलीतल्या सोबत्यांना डॉक्टर प्रतिबंधक अँटिबायोटिक देतात. मेट्रोत शेजारी बसलेल्याला ते लागत नाही. रुग्ण बरा झाल्यावर त्याच्या कानांची तपासणी मात्र चुकवू नका. बहिरेपण हा या आजारानंतर पुष्कळदा मागे राहणारा परिणाम आहे.

शंका आली की जवळच्या ज्या रुग्णालयात चोवीस तास आपत्कालीन विभाग आहे तिथे जा. बेलेघाटाचं संसर्गजन्य रोगांचं सरकारी रुग्णालय, एनआरएस, कोलकाता मेडिकल कॉलेज, पीजी (एसएसकेएम) ही नावं घरात लिहून ठेवा. ताप कधी सुरू झाला, कुठली औषधं दिली हे कागदावर टिपून न्या, लसीकरणाचं कार्ड बरोबर असू द्या. आणि रांगेत नंबर लावून गप्प बसू नका. ‘मूल भानावर नाही, मेनिंजायटिस असेल का?’ असं थेट विचारा. शंका खोटी ठरली तर एक रात्र वाया जाईल, एवढंच.